एकसष्ट वाफ्यांची बाग

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रोप लावण्याआधी शेतात दोऱ्या ताणून पाच बाय पाच फुटांवर खुणा करतात. आडवे अंतर तेवढेच उभे, त्यामुळे बाग वाढली की कुठूनही पाहिले तरी ओळी सरळ दिसतात. या बागेवरून एक हिशेब मांडता येतो.

एका रोपवाटिकेत साठ चौरस वाफे आहेत. प्रत्येक वाफ्यात चार ओळी आणि ओळीत चार रोपे, म्हणजे सोळा. साठ वाफ्यांची मिळून ९६० रोपे झाली. त्यांत शेजाऱ्याकडून एक रोप उसने आणून घातले की ९६१ होतात, आणि ९६१ म्हणजे ३१ गुणिले ३१. एकतीस ओळी, ओळीत एकतीस रोपे. एकही रोप उरत नाही, एकही खूण रिकामी राहत नाही, चौरस बाग तयार. बासष्ट वाफे असतील तर प्रत्येक वाफ्यात आठ ओळी घ्याव्या लागतात: ६२ × ६४ + १ = ३९६९, आणि हा ६३चा वर्ग आहे. त्रेसष्ट वाफ्यांचे काम तर वाफ्यागणिक एका रोपावर भागते: ६३ + १ = ६४, आठ ओळींची बाग.

मधला एकसष्ट राहिला.

एकसष्ट वाफे घेऊन बसलेला माणूस वाफ्यात एक ओळ, दोन ओळी, तीन ओळी असे करत शंभरापर्यंत गेला तरी त्याची बाग चौरस होत नाही. हजारापर्यंत नाही, लाखापर्यंत नाही, कोटीपर्यंतही नाही. पहिल्यांदा हिशेब जमतो तो प्रत्येक वाफ्यात २२,६१,५३,९८० ओळी केल्यावर. मग एक रोप उसने घेऊन जी चौरस बाग होते तिच्या एका ओळीत १,७६,६३,१९,०४९ रोपे असतात: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. पाच-पाच फुटांवर रोप धरले तर ती एक ओळ सुमारे २६ लाख ९० हजार किलोमीटर लांब जाईल. पृथ्वीपासून चंद्राचे जे सरासरी अंतर आहे, त्याच्या सातपट. साठला चार ओळी पुरतात, बासष्टला आठ, आणि त्यांच्या बरोबर मध्ये बसलेल्या एकसष्टला बावीस कोटींहून अधिक.

ही दहा आकडी संख्या आज संगणक क्षणात काढतो. ती पहिल्यांदा ग्रंथात आली ती शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात. त्या वेळी भास्कराचार्य ३६ वर्षांचे होते. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ मिळून त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ होतो, आणि त्यातल्या ‘बीजगणिता’त त्यांनी शिष्याला विचारले आहे की कोणत्या वर्गाला ६७ने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्ग येतो, आणि ६१ने गुणले तर कोणत्या? सदुसष्टचे उत्तर बेताचे आहे: ५९६७ आणि ४८,८४२. एकसष्टचे उत्तर वर दिलेले.

भास्कराचार्य आणि खानदेश यांचे नाते एका दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे गाव. चंडिकेचे म्हणजे पाटणादेवीचे देऊळ, भोवती गौताळा अभयारण्याचे जंगल, जवळून वाहणारी डोंगरी नदी, वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी. जळगावकर तिथे रेल्वेने किंवा पाचोऱ्यावरून गाडीने येतात, धुळेकरांना चाळीसगावपर्यंत १९०० सालापासूनचा रेल्वेचा फाटा आहे. बहुतेक लोक येतात ते देवीच्या दर्शनाला, पावसाळ्यात धबधब्यांसाठी. गणितासाठी येणारे थोडे.

या पाटणच्या देवळातला शिलालेख मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांचे घराणे सांगितले आहे. त्रिविक्रमापासून सुरू होणारी ही शांडिल्य गोत्राची पिढ्यान् पिढ्यांची विद्वानांची ओळ भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मग स्वतः भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी येते. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवाने पाटणला मठ काढला. शके ११२८, म्हणजे १२०७ सालच्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, तिथला निकुंभ घराण्याचा सामंत सोन्हदेव याने त्या मठाला दान दिले. ग्रहणांचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या दिवशी दान मिळावे, हा योग मोठा सुंदर आहे.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे सांगितले आहे. ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी विजापूरचे नाव घेतात, कोणी पाटणच्या परिसराचे. पण त्यांचे गणित शिकवण्याची कायमची व्यवस्था कुठे झाली, यावर वाद नाही.

शिलालेख संस्कृतात आहे आणि शेवटच्या ओळी मराठीत. ही मराठी ‘ज्ञानेश्वरी’च्या आधी ८३ वर्षांची आहे. धुळ्यात अखेरचा श्वास घेतलेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी जुन्या मराठीच्या व्याकरणासाठी आयुष्य वेचले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे. ज्या भाषेच्या मागे ते लागले होते, तिचा हा खानदेशातला एक फार जुना नमुना. आणि त्या मराठी ओळींत काय आहे? बाजाराचा हिशेब. पाटणच्या पेठेत माल विकला जाईल त्यातला राजाचा हिस्सा मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी मठाला, जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल मठाला, आणि जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे. संस्कृतातली स्तुती विद्वानांसाठी होती. दानाचा तपशील तेल्याला, व्यापाऱ्याला, गिऱ्हाइकाला कळला पाहिजे, म्हणून तो त्यांच्या भाषेत कोरला. बीजगणिताचा वर्ग चालावा म्हणून गावचा तेली पळीभर तेल देत होता, ही गोष्ट एकसष्टच्या उत्तराइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या मठात शिकणाऱ्या मुलापुढे ‘बीजगणित’ उघडले की एकसष्टचे उदाहरण येणारच. ते तो कसे सोडवत असेल, हे आज कागद-पेन्सिल घेऊन तसेच करून पाहता येते. त्यासाठी दहावीचे गणितही पुरेसे आहे.

या जातीच्या उदाहरणांना जुन्या ग्रंथांत ‘वर्गप्रकृति’ म्हणतात. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृति’, इथे ६१. जिचा वर्ग करून गुणायचे ती ‘कनिष्ठ’, म्हणजे आपल्या वाफ्यातल्या ओळी. जी शेवटी मिळते ती ‘ज्येष्ठ’, म्हणजे मोठ्या बागेच्या ओळी. आणि वरून जे मिळवायचे ते ‘क्षेप’, म्हणजे उसने रोप. हवा आहे तो क्षेप एक. पण तो थेट मिळत नाही, म्हणून आधी जवळपासचा कोणताही क्षेप चालवून घ्यायचा. एकसष्टच्या जवळचा वर्ग ६४. म्हणून सुरुवात अशी:

६१ × १² + ३ = ८²

कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. एका उसन्या रोपाऐवजी तीन लागली.

इथेच एकसष्टच्या अवघडपणाचे मूळ आहे. भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षे आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एक विलक्षण नियम दिला होता. अशी दोन समीकरणे हाताशी असतील तर एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाशी तिरके गुणायचे, दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची, की नवे कनिष्ठ मिळते. ज्येष्ठांचा गुणाकार आणि कनिष्ठांचा प्रकृतीने गुणलेला गुणाकार यांची बेरीज केली की नवे ज्येष्ठ मिळते. आणि नवा क्षेप हा आधीच्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. या जोडणीला नाव आहे ‘भावना’, आणि तिरक्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’. एकच समीकरण स्वतःशीही जोडता येते. क्षेप १, २ किंवा ४ असेल, धन किंवा ऋण, तर भावनेने एकवर पोचता येते हे ब्रह्मगुप्ताला माहीत होते. प्रकृति ९२ असताना ११५१ आणि १२० हे उत्तर काढणे त्याने आव्हान म्हणून ठेवले होते: वर्षभरात जो सोडवील तो गणितज्ञ.

आता शेजाऱ्यांकडे पाहावे. साठ हे चौसष्टपेक्षा ४ने कमी, म्हणजे क्षेप ४, सोपा. बासष्ट २ने कमी, तोही सोपा. त्रेसष्ट १ने कमी, तिथे तर काही करायचेच उरत नाही. एकसष्ट ३ने कमी, आणि ३ ब्रह्मगुप्ताच्या यादीत नाही. भावना करत बसले तर क्षेप ९, २७, ८१ असा फुगत जातो. 

या तिनातून बाहेर काढणारी रीत म्हणजे ‘चक्रवाल’. भास्कराचार्यांनी ती फार सुबकपणे मांडली, पण हिचे श्रेय त्यांच्या आधीच्या जयदेव नावाच्या गणितज्ञालाही जाते. १०७३ सालच्या एका टीकेत उदयदिवाकराने त्याचे नियम उद्धृत केले, म्हणून ते नाव वाचले. चक्रवाल म्हणजे चक्रासारखे फिरत राहणे. एक फेरा झाला की मिळालेल्या संख्या घेऊन पुन्हा तोच फेरा.

फेरा असा. एक संख्या निवडायची, तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवले की क्षेपाने निःशेष भाग गेला पाहिजे. इथे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३, म्हणून निवडलेल्या संख्येत ८ मिळवून तिनाने भाग जायला हवा. १ चालते, ४ चालते, ७ चालते, १० चालते. यांतली कोणती? जिचा वर्ग ६१च्या सर्वांत जवळ ती. सातचा वर्ग ४९, अंतर १२. दहाचा वर्ग १००, अंतर ३९. चारचा १६, अंतर ४५. म्हणून सात.

मग नवे कनिष्ठ: ७ आणि ८ मिळून १५, भागिले ३, म्हणजे ५. नवा क्षेप: ४९ उणे ६१ म्हणजे उणे १२, भागिले ३, म्हणजे उणे ४. आणि खरोखर:

६१ × ५² − ४ = १५२५ − ४ = १५२१ = ३९²

एका फेऱ्यात तीनचा उणे चार झाला, आणि चार ब्रह्मगुप्ताच्या यादीत आहे. ज्याने हे पहिल्यांदा करून पाहिले असेल त्याला काय वाटले असेल! फेऱ्यात भागाकार तीनदा येतात आणि तिन्ही वेळा उत्तर पूर्णांकच येते. ज्येष्ठ तर वेगळे काढायचीही गरज नाही, १५२१चे वर्गमूळ नेमके निघते.

इथून पुढे उतार आहे. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ यांना दोनाने भागले की ५/२ आणि ३९/२ होतात आणि क्षेप उणे एक. हे स्वतःशीच भावनेने जोडले की १९५/२ आणि १५२३/२ मिळतात, क्षेप एक. क्षेप तर हवा तसा आला, पण संख्या अपूर्णांकात अडकल्या. त्या पुन्हा आधीच्या ५/२ आणि ३९/२ यांच्याशी जोडल्या की अपूर्णांक सुटतो: कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे एक. शेवटची भावना पुन्हा स्वतःशी, म्हणजे उणे एक गुणिले उणे एक, अधिक एक. कनिष्ठ दोनदा २९,७१८ गुणिले ३८०५, म्हणजे २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९.

चक्रवालाचा एक फेरा आणि तीन भावना. अर्ध्या पाटीवर मावणारा हिशेब. युरोपात पुढे जी सतत-अपूर्णांकांची रीत रूढ झाली तिने याच उत्तरापर्यंत पोचायला बावीस पायऱ्या लागतात.

हे पाहिल्यावर त्या मोठ्या संख्येकडे परत यावे, कारण आता तिचे अवयव ओळखू येतात. तिच्यातून एक वजा करून निम्मे केले तर ८८,३१,५९,५२४ उरतात, आणि हा २९,७१८चा पूर्ण वर्ग आहे. तिच्यात एक मिळवून निम्मे केले तर ८८,३१,५९,५२५ येतात, आणि ही संख्या म्हणजे ३८०५चा वर्ग एकसष्ट पट. हिशेबाच्या शेवटून दुसऱ्या पायरीवरच्या दोन संख्या मोठ्या संख्येच्या दोन बाजूंना, एक-एक घराच्या अंतरावर, तशाच बसलेल्या आहेत. पूर्ण वर्ग आणि एकसष्टपट वर्ग असे लागून शेजारी येतात, हेच क्षेप उणे एक असल्याचे दुसरे रूप.

ही मोठी संख्या मूळ संख्या आहे का, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः सोडून कोणी भागत नाही असे आहे का? इथे शाळेतली अकराची कसोटी पुरते. उजवीकडून एकाआड एक अंक घ्यावेत: ९, ०, १, ६, ७, बेरीज २३. उरलेले ४, ९, ३, ६, १, बेरीज पुन्हा २३. दोन्ही सारख्या, म्हणून अकराने भाग जातो. ती मूळ नाही.

पडताळा घ्यायचा तर नवाची जुनी रीत घ्यावी. २२,६१,५३,९८० चे अंक मिळवले की ३६ होतात, म्हणजे त्या संख्येला नवाने भाग जातो. तिच्या वर्गाला ६१ने गुणून एक मिळवला की नवाने भागल्यावर बाकी एकच राहणार. उजव्या बाजूच्या संख्येचे अंक मिळवले की ४६, मग १०, मग १, आणि एकचा वर्ग एक. दोन्ही बाजू जुळतात. नवाची रीत चूक नसल्याची पूर्ण हमी देत नाही, पण अंक लिहिताना कुठे हात घसरला तर तो बहुतेक वेळा पकडते.

‘लीलावती’च्या सुरुवातीला एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अन्त्य, मध्य, परार्ध. आपल्या बागेच्या एका ओळीतली रोपे दहाव्या म्हणजे अब्जाच्या स्थानापर्यंत जातात. आणि साऱ्या बागेतली रोपे, म्हणजे त्या संख्येचा वर्ग, ही ३११९८८२९८२८६०२६४४०१ अशी एकोणीस आकडी संख्या आहे. भास्कराचार्यांनी नावे दिलेल्या अठरा स्थानांच्या एक घर पलीकडे.

आणखी एक गुण सर्वांत उपयोगाचा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले की ७.८१०२४९६७५... असे उत्तर येते. हे जवळजवळ ६१चे वर्गमूळ आहे, आणि ‘जवळजवळ’ म्हणजे दशांश चिन्हानंतरचे पहिले सतरा अंक तंतोतंत जुळतात. वर्गमूळ ही कधी न संपणारी संख्या. तिला दोन पूर्णांकांच्या भागाकाराने इतके जवळ आणता येणे ही खगोलगणित करणाऱ्याच्या कामाची गोष्ट होती. उसने रोप फक्त एक, आणि बाग इतकी प्रचंड. त्या एका रोपाने बागेच्या आकारात जेवढा फरक पडतो तेवढाच फरक उत्तरात राहतो.

संख्यांचे गुण म्हटले की मराठी माणसाला देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर आठवतात. सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत गेले की शेवटी ६१७४ येते, हा त्यांनी १९४९ साली मांडलेला शोध. कापरेकरांनी संख्येकडे खेळगड्यासारखे पाहिले आणि त्या खेळातून जगाने दखल घ्यावी असे काही काढले. एकसष्टच्या उत्तराची तऱ्हा निराळी. त्या संख्येसाठी कोणी संख्या चाळत बसले नव्हते. शोधत होते ते रीत, आणि रीत खरी आहे याची परीक्षा घेणारे उदाहरण. पन्नास-साठच्या आसपास एकसष्ट हेच सर्वांत हट्टी, शंभराच्या आतल्या कोणत्याही संख्येला याहून मोठे पहिले उत्तर लागत नाही. भास्कराचार्यांनी नेमके तेच उदाहरण उचलले, यावरून त्यांना या प्रदेशाची किती माहिती होती ते कळते.

हीच निवड ५०७ वर्षांनी पुन्हा झाली. १६५७ साली फ्रान्समध्ये तुलूज इथले न्यायाधीश पिएर द फर्मा यांनी फ्रेनिक्ल या आपल्या गणितज्ञ मित्रापुढे आव्हान टाकले: प्रकृति ६१ आणि १०९ यांची उत्तरे काढा. ‘प्रकृति’ हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता आणि भास्कराचार्यांचे नावही. ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात झाले होते, पण इंग्रजीत ते ग्रंथ नीट पोचले १८१७ साली, हेन्री कोलब्रूक यांच्या भाषांतराने. दोन माणसे, दोन खंड, पाच शतके मध्ये, आणि दोघांचे बोट एकाच संख्येवर. कठीण जागा कुठे आहे हे गणित स्वतःच दाखवते.

इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी फर्माच्या प्रश्नावर रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून या समीकरणाला जॉन पेल यांचे नाव दिले आणि ते आजही पाठ्यपुस्तकांत ‘पेलचे समीकरण’ म्हणून राहिले आहे. ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कर यांपैकी कोणाचे नाव त्याला नाही, याचे वाईट वाटते आणि वाटायलाही हवे. भारतातले काही लेखक आता ‘ब्रह्मगुप्त-भास्कर समीकरण’ लिहितात, ते योग्य आहे. मात्र हेही खरे की कोणतीही प्रकृति घेतली, ती स्वतः पूर्ण वर्ग नसली, तर उत्तर असतेच, हे सिद्ध करण्याचे काम लाग्रांजने अठराव्या शतकात केले. चक्रवालाचा फेरा दरवेळी एकवर पोचतो, याची सिद्धता म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९च्या सुमारास दिली. इंग्रजीतले मोठे कवी ए. के. रामानुजन हे त्यांचे चिरंजीव.

फर्मांच्या आव्हानातली दुसरी संख्या, १०९, पाटणच्या मठातल्या मुलाला जमली असती का? त्याच रीतीने करून पाहता येते. जवळचा वर्ग १००, म्हणून सुरुवात १०९ × १² − ९ = १०². आठ निवडले की पहिल्या फेऱ्यात कनिष्ठ २, ज्येष्ठ २१, क्षेप ५. बारा निवडले की दुसऱ्या फेऱ्यात कनिष्ठ ९, ज्येष्ठ ९४, क्षेप ७. नऊ निवडले की तिसऱ्या फेऱ्यात कनिष्ठ २५, ज्येष्ठ २६१, क्षेप उणे ४. उणे चार आला की पुढची वाट एकसष्टचीच: दोनाने भागायचे, भावना, पुन्हा भावना, कनिष्ठ ८,५१,५२५ आणि ज्येष्ठ ८८,९०,१८२, क्षेप उणे एक. शेवटची भावना स्वतःशी केली की कनिष्ठ १,५१,४०,४२,४४,५५,१०० आणि ज्येष्ठ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९.